पॅटिस आणि गाऱ्हाणं

माझी भूक मेली आहे, असं आमच्या घरात एकमताने ठरलं, तेव्हा माझ्या पोटात दोन पॅटिस आणि एक प्लेट कोथिंबीर वडी होती.

मी मुळात कमी बोलणारा. ऑफिस सुटलं की दादरच्या एका फरसाणच्या दुकानात खांबाआड उभं राहून खायचं, वर बडीशेप चघळायची आणि परळला घरी यायचं, एवढंच माझं खासगी आयुष्य! (काहींची याहून भानगडीची असतात.) पण रात्री ताट समोर आलं की अर्ध्या चपातीवर मी हात धुवायचो.

"बरं नाही का वाटत?" बायको, सुनंदा, विचारायची.

"तसं नाही गं. इच्छाच नाही." (हे तर खरंच होतं!)

सुनंदाने आधी फोडणी बदलली, मग लोणचं बदललं, शेवटी डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी पोट दाबलं, "गच्च लागतंय" म्हणाले आणि दुर्बीण घालून बघायचं ठरवलं. सुनंदा दवाखान्याच्या जिन्यातच रडायला लागली. तिथेच सांगायला हवं होतं. पण रडणाऱ्या बायकोसमोर 'पॅटिस' हा शब्द काढायचा कसा?

मग सूत्रं आईने हातात घेतली. आई मालवणची. तिचा भरवसा दुर्बिणीपेक्षा गावच्या देवीवर. तिने देव्हाऱ्यासमोर नारळ ठेवला, शेजारच्या सावंतकाकांना बोलावलं आणि खणखणीत गाऱ्हाणं घातलं. आमच्यात गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी होकार भरायचा असतो.

"आई माऊली, माझ्या झिलाची भूक कोणी बांधून ठेवली आसात, तर त्येका शोधून काढ!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले. मीही ओरडलो.

"त्येचा तोंड काळा कर!"

"होय... म्हाराजा." (माझा आवाज जरा बसला.)

"माझो झील ताटभर जेवसर मी मासो तोंडाक लावचंय नाय!"

म्हणजे मी पोटभर जेवेपर्यंत आईचे मासे बंद! मासळीशिवाय जिला घास उतरत नाही, ती बाई पेज पिऊ लागली. आठवडाभरात तिची गालफडं बसली. मला इतकं अपराधी वाटायला लागलं की मी तिसरं पॅटिस सुरू केलं.

दुर्बिणीच्या आदल्या संध्याकाळी पेजेत मीठ घालता घालता आई म्हणाली, "भिया नको रे. तू बरो झालंस काय मी बांगडो खातलंय."

मला राहवेना. "आई, मी रोज दादरला पॅटिस खाऊन येतो!"



"किती?" सुनंदाने विचारलं.

"आधी दोन. तुम्ही काळजी करायला लागल्यापासून तीन."

सुनंदाने लाटणं उचललं आणि तशीच मटकन खाली बसली. हसावं की रडावं तिला कळेना. "पॅटिसच ना? नक्की? दुसरं काही नाही ना हो?"

"कधीकधी कोथिंबीर वडी."

आई मात्र उठली. "सुनंदा, सावंतांकडे आज बांगड्याचा तिखला आसा. टोप घेवन ये." मग माझ्याकडे वळली. "तू ताटभर जेव. मगे मी जेवतंय."

"आई, अगं, आत्ताच तीन..."

"जेव!"

भाताचा डोंगर, बांगड्याचं झणझणीत तिखलं, वर सोलकढी. शेवटचं शीत मी गिळलं, तेव्हाच आईने बांगड्याला हात लावला. तिचा पहिला घास पाहिला आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. (ते थेट पोटात उतरलं.)

रात्री पोट धरून मी सुनंदाला हलवलं. "अगं ऊठ, या वेळी खरंच दुखतंय!"

ती कूस बदलत म्हणाली, "कोणत्या दुकानातलं?"