आईचा मुखालफा

पेणच्या एसटी स्टँडबाहेर हमीदभाईंची गाडी उभी होती. ते आमच्या शेजारगावचे. मला ड्रायव्हर म्हणून मस्कतला नेत होते. आई पदराने डोळे पुसत होती, आणि बाबांचं भलतंच चाललं होतं. म्हणाले, "उधानात बांध फुटला तर घरातून कोन जायाचा?" मला रागच आला.

धरमतरच्या खाडीला लागून आमची शेतं. बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की घरटी एक माणूस चिखलात उतरतो. कधी ठरलं, कुणाला ठाऊक नाही. न जाणाऱ्याला दंड नाही, पण पुढच्या वेळी त्याच्या दारात हाक जात नाही. दार असून नसल्यासारखं होतं.

मस्कतला पहिला शब्द शिकलो तो मुखालफा, म्हणजे नियम मोडणं. सिग्नल तोडला, मुखालफा. गाडी मळकी ठेवली, मुखालफा. मोबाइलवर मेसेज येतो, दंड भरला की विषय मिटतो. माझ्यासारख्या इकडे आलेल्यांना सांगायला नको. रूमवर दुसऱ्याचा चहा प्यायला तरी आपण मुखालफाच म्हणतो. मी घरीही तो शब्द नेला. बाबांनी चोरून तंबाखू मळली की आई फोनवर सांगायची, "यांचा मुखालफा झाला बघ."

यंदा श्रावणात खांड पडली. बाबांना दम्याने अंगणही ओलांडवत नव्हतं. मी म्हटलं, मजूर लावा, पैसे पाठवतो. दंड भरायची सवय लागलेल्याला दुसरं काय सुचणार? बाबांनी फोन ठेवला आणि काठी घेऊन स्वतः निघाले, असं आईने कळवलं. त्या दिवशी कंपनीची बस मी कशी चालवली, माझं मला माहीत.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. आमच्याकडे बायका बांधावर भाकरी पोचवतात आणि मागे फिरतात. हिने बाबांची काठी काढून घेतली, त्यांना ओट्यावर बसवलं आणि जाऊन रांगेत उभी राहिली. गावच्या तात्यांनी हटकलं, हे बायांचं काम नाय गो. ही म्हणाली, "घरटी एक म्हनता ना? आमच्या घरातली मी आले."

मग माझ्याकडे बघून हसली. "आज मी मुखालफा केला रे."

मला हसता येईना. मागे बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. लाज वाटली, आणि तिच्या हातावरच्या त्या चिखलाचा हेवाही वाटला.

तेव्हापासून चैन नाही. हमीदभाई म्हणतात, अजून एक वर्ष काढ. मी हो म्हणतो आणि रात्रंदिवस उधाणाच्या तिथी बघत बसतो.

परवा आईशी बोलत होतो. बाहेर तात्यांचा आवाज आला. बाबांचं नाव नाही, माझंही नाही. "वयनी, चल गो, पानी चढतंय."

आई फोन तसाच ठेवून गेली. स्क्रीनवर आमचं उघडं दार दिसत राहिलं. घर म्हणजे जिथे अशी हाक येते ते दार. ती अजून येते आहे. उठून जाणारा मात्र मी नाही.