उत्तर आले

आमच्या कचेरीत त्यांना सगळे चारअंकी म्हणत. प्रत्येक सार्वजनिक डेटा नेटवर्कला सरकारतर्फे चार अंकी ओळख-क्रमांक देणं हे त्यांचं काम. पहिले तीन आकडे देशाचे, ठरलेले. चौथा तेवढा आमच्या हातात. म्हणजे देण्यासारखे क्रमांक अवघे दहा. पण त्या दहांचा तोरा केवढा! साहेबसुद्धा त्यांच्या रजिस्टरला हात लावायला कचरत. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली आणि बोलणीही पोटभर खाल्ली.

त्यातलं एक नेटवर्क फार जुनं. त्यावरची यंत्रं एकेक करून निघाली, हवामान कचेरीतलं तेवढं उरलं. ते चालवायची चारअंकींची ताई. आईवडिलांमागे तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं. लग्न दोघांनीही केलं नाही. कुणी यंत्राला जोडणी केली की आपोआप एक ओळ यायची, ती तिनेच टाइप करून ठेवली होती : 'हवामान कचेरी. बोला, ऐकतेय.' ताई जाऊन चार वर्षं झाली, तरी ओळ तशीच होती.

दहाही क्रमांक संपलेले आणि एक नवी कंपनी दारात धरणं धरून बसलेली. पण नियम असा, की क्रमांक परत घ्यायचा तर सलग तीन दिवस त्या नेटवर्कला जोडणी करून चाचणी करायची. एकदा जरी उत्तर आलं तरी क्रमांक काढून घेता येत नाही. चारअंकी दर महिन्याला चाचणी करत आणि लिहीत, 'उत्तर आले.'

"जिवंतपणी कधी सरळ उत्तर दिलं नाही गं," ते मला म्हणत, "आता बघ, पहिल्या हाकेला ओ देते!" हसत आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसत.

शेवटी हवामान कचेरीनेच यंत्र काढून टाकलं. ते पत्र मीच त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली. दोन दिवस चाचणी केली. पडदा कोरा. तिसऱ्या दिवशी ते घरी गेल्यावर मी रजिस्टर उघडलं.

'उत्तर आले.'

रजिस्टरात कधी साधी खाडाखोड न केलेला माणूस! कंपनी गेली खड्ड्यात, मी ठरवलं, कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी हजर. रजिस्टर माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "साक्षीदाराची सही कर." कालच्या नोंदीवर लाल रेघ होती. खाली त्यांचंच सुवाच्य अक्षर : 'वरील नोंद खोटी. उत्तर आले नाही. क्रमांक मोकळा.'

मी सही केली.

"एकदा लिहून बघितलं गं," ते म्हणाले, "बाकी काही नाही."