एका पायाची शंकरपाळी

माझा डावा पाय लहानपणापासून अधू. आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी मधेच हळहळायला नको. हळहळणाऱ्यांचा मला भारी राग येतो. मंदाकिनीकाकू कधी हळहळल्या नाहीत. वालचंदनगरला त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात मी हातमाग शिकले, आणि इतर मुलींइतक्याच शिव्या मीही खाल्ल्या.

काकूंच्या मागाला सहा पावड्या. पावडी म्हणजे पायानं दाबायची पट्टी. ती दाबली की ताण्याचे उभे धागे उचलले जातात आणि मधून आडव्या धाग्याचा धोटा जातो. तिथं नक्षीच्या जोड्या आधीच एकेका पावडीला बांधलेल्या, म्हणून एका वेळी एकच पावडी दाबायची, त्यामुळे माझा उजवा पाय पुरायचा. मग विजयसिंहदादानं, माझ्या भावानं, भवानीनगरला घरीच सुताराकडून माग आणला. जागा अपुरी, म्हणून लहान, चार पावड्यांचा. त्यावर शंकरपाळीची नक्षी काढायची तर दर वेळी दोन पावड्या एकदम, दोन पायांनी दाबाव्या लागतात. मी रडकुंडीला आले.

दादा म्हणाला, "रेश्मे, जिवाला लावून घिऊ नगं. सुतार माग परत न्यायला तयार हाय. रविवारी येतोय."

मला माग सोडायचा नव्हता. दुसरं कुठलंच काम मला इतकं आवडलं नव्हतं. काकूंना फोन लावला, तर त्या "बघते" म्हणाल्या आणि फोन ठेवला. असा संताप आला!

शनिवारी त्या एसटीनं आल्या आणि चहाही न घेता मागावर बसल्या. डावा पाय उचलून बाकावर दुमडून घेतला. उजवं पाऊल आडवं टाकून शेजारशेजारच्या दोन पावड्या एकदम दाबल्या.

"पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-चौथी, आणि तसंच मागे. पहिली-चौथी एका पावलात येत नाही, ती जोडी गाळली. शंकरपाळी जरा बुटकी येते. येऊ दे."

"काकू, तुमाला ह्ये कसं सुचलं?"

"सुचतंय कसलं! तुझा फोन आल्यापासून माझ्या मागाच्या दोन पावड्या सोडून तो तुझ्यासारखा चार पावड्यांचा बांधून घेतलाय, आणि अशीच पाय दुमडून बसतेय. आमचे हे म्हणतात, वेड लागलंय."

दारात उभ्या दादानं सुताराला फोन लावला. "येऊ नगंस. माग हितंच ऱ्हानार."

काकू उठायला गेल्या, पण दुमडलेल्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. माझ्या आधारानं कुणी उभं राहण्याची ती पहिलीच वेळ होती.