तुडवलेल्या कापसाचं सिम्युलेशन

त्या वर्षी भाव पडला होता, म्हणून बाभुळगावच्या माझ्या धाकट्या भावाने कापूस विकला नाही, घरातच भरायला घेतला. पुढची खोली खिडकीच्या वरपर्यंत भरत आली होती. शेवटची वेचणी दवात झाली होती. ओला कापूस ढिगात आतून तापतो, पिवळा पडतो, आणि पिवळ्याला व्यापारी हात लावत नाही. भाव सुधारेपर्यंत थांबायचं की मिळेल त्या भावात काढून टाकायचं, हे ठरवायचं होतं.

मी यवतमाळला इंजिनियरिंग कॉलेजात शिकवत होते. आठवड्याच्या कामांच्या यादीत पेपर तपासणी आणि गिझरची दुरुस्ती यांच्या मध्ये ‘भावाची खोली’ असं लिहिलं. कॉलेजच्या संगणकावर त्या खोलीचे लहान लहान चौकोनी तुकडे पाडले, एका तुकड्यातून दुसऱ्यात हवा, ओल आणि उष्णता कशी जाईल याची समीकरणं बसवली आणि हिवाळा संपेपर्यंतचा काळ एका दुपारी चालवून पाहिला. ढीग गार राहिला.

“ठेव,” मी फोनवर सांगितलं.

रविवारी बघायला गेले, तर भावजय आणि शेजारच्या दोघी ढिगावर चढून नाचल्यासारख्या पाय आपटत होत्या.

“हे काय?”

“तुडवून राह्यलो ना, ताई. तुडवल्याबिगर मावते का एवढा?”

“मी तर हिशेबात मोकळा कापूस धरला होता.”

“मोकळा तुह्या कॉलेजात असन,” भाऊ म्हणाला. “इथं मले बसाले जागा नाही.”

लहानपणी मीही असाच कापूस तुडवला होता, पण समीकरणं मांडताना ते आठवलंच नाही. तुडवलेला कापूस किती घट्ट बसतो ते कळावं म्हणून तेलाचा रिकामा डबा त्याने भरून किराणा दुकानात वजन केलं आणि सोमवारी तो आकडा घालून पुन्हा चालवलं. मागच्या भिंतीचा खालचा कोपरा पडद्यावर लाल झाला. संगणकावरच पंखा लावून पाहिला. वरचाच थर वाळला. मग ढिगात उभ्या पोकळ्या ठेवून पाहिल्या. लाल रंग उतरला.

“मागच्या भिंतीशी तुराट्यांच्या पेंढ्या उभ्या कर, त्यांच्यातून हवा खेळेल,” मी भावाला कळवलं.

“म्हणजे पुन्हा उपसाचा? तुह्या कम्प्युटरले पहिलेच काहून नाही समजलं वं?”

“त्याला मी सांगितलंच नव्हतं.”

कुरकुरत त्याने उपसला. पेंढ्या भावजयीने स्वतः उभं राहून लावून घेतल्या. मी काठीला थर्मामीटर बांधून दर रविवारी तो कोपरा मोजत गेले. आधी जरा तापला, मग उतरला. माझ्या आलेखापेक्षा थोडा उशिराच उतरला. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

भाव फार नाही, पण सुधारला. गाडी भरताना भावजयीने मागच्या कोपऱ्यातला मूठभर कापूस दारात उजेडाला धरला, बोटांनी फाकवला. पांढरा होता.

“न्या आता,” ती नवऱ्याला म्हणाली, आणि खोली झाडायला लागली.