काळकुसीचा डबा

निघायच्या दिवशी वहीत एकच ओळ होती: बॅग भरणे. डॉक्टरांनी घालून दिलेली ही रीत. दिवसाला एक काम लिहायचं, ते झालं की वही मिटायची. नवं काही सुचलंच तर ते उद्याच्या पानावर. मला बायपोलर आहे. चढ असतो तेव्हा सकाळच्या चहाआधी माझी बारा कामांची यादी तयार असते, आणि उतार लागला की दात घासणं हेच दिवसाचं काम होऊन बसतं. सध्या मी मधल्या सपाटीवर आहे, म्हणून हा प्रवास ठरवला. बॅगेत सगळ्यात आधी स्टीलचा एक डबा ठेवला. त्यात दोन किलो धान होतं आणि ते माझं नव्हतं.

मे महिन्यात चंद्रपूरला हौसेने कोणी जात नाही. सकाळी पुण्याच्या गाडीतून उतरले तर फलाट आधीच तापलेला. झोप चुकवायची नाही आणि पाणी पीत राहायचं, एवढंच डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, कारण माझ्या गोळ्यांचं आणि उन्हाचं पटत नाही. त्यामुळे मी दोन बाटल्या गळ्यात अडकवून एसटी स्टँडवर उभी होते. मूल, सावली ही गावं घेत बस निघाली. वैनगंगेच्या पुलावर डोळे उघडले तेव्हा खाली निम्मी वाळू आणि निम्मं पाणी होतं.

याच पुलावरून दोन वर्षांपूर्वी, माघात, मी पहिल्यांदा आले होते. तीन रात्री झोपले नव्हते आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. मी शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. पण तेव्हा मला या भागातल्या प्रत्येक जुन्या धानाचं चित्र काढायचं होतं, त्यांचं बियाणं जपायचं होतं, शिवाय ते गावोगाव वाटायचंही होतं. धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या एका टोल्यावर (छोट्या वस्तीवर) सोनाबाई भेटल्या. साठीच्या पुढच्या, विधवा, घरात सून रेखा. त्यांच्याकडे काळकुसी होती, दाण्यागणिक लांब काळं कुसळ असलेलं धान. आसपास कोणाकडे ते उरलं नव्हतं. कार्तिकात घरच्या पितरांना नवं (पहिलं पीक) दाखवायचं ते याच धानाचं, म्हणून त्या एक छोटी बांधी (बांध घातलेला शेताचा तुकडा) दरवर्षी त्यासाठीच राखत.

मी सगळं बियाणं मागितलं. इथे उंदीर खातील, माझ्याकडे सुरक्षित राहील, रोहिणी लागायच्या आत दुप्पट करून आणते, असं काय काय बोलले. रेखा म्हणाली होती, "मूठभर घरी ठेवा ना, ताई." मी तिला हसून गप्प केलं. चढात असताना माझ्या बोलण्याला फार गोडी येते आणि माणसं विश्वास ठेवतात. मलाही सगळं खरंच वाटत असतं.

पंधरा दिवसांत मी जमिनीवर आदळले. त्यांनी दिलेला बियाण्याचा डबा पलंगाखाली गेला. एक पेरणी गेली, मग दुसरीही. रेखाचे फोन यायचे आणि मी ते वाजून थांबेपर्यंत फोनकडे बघत पडून राहायचे.

गडचिरोलीला बस बदलताना मी पाण्याच्या बाटल्यांच्या नादात डबाच वरच्या फळीवर विसरले. आठवलं तेव्हा बस फाटकातून बाहेर पडत होती. आरडाओरडा करत धावले. कंडक्टरने डबा खिडकीतून हातात दिला आणि हलवून बघत म्हणाला, "धान हाय का बाई? एवढ्यासाठी पडली असती ना तुमी!"

टोल्यावर पोचले तेव्हा दुपार कलली होती. अंगणात तेंदूपत्त्याचे ढीग, आणि सावलीत दोघी पुडकी बांधत बसलेल्या. सत्तर पानं मोजून, सालीच्या दोरीने आवळली की एक पुडकं होतं. रेखाने वर पाहिलं. "या, मॅडम," ती म्हणाली. मागच्या वेळी मी ताई होते.

सोनाबाईंनी डबा उघडला, दाणे तळहातावर घेऊन कानाशी खुळखुळवले, एक दाताखाली फोडला. "लय दिस झाले," एवढंच म्हणाल्या. मग मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधले, फडकं पळसाच्या पानांत गुंडाळलं आणि ते तणसात (पेंढ्यात) दाबून ठेवलं. "तीन दिस लागन. जिवंत असन त दिसन."

मी सोबत काळकुसीचं चित्र आणलं होतं. बियाणं घरी नेल्यावरच्या न झोपलेल्या रात्रींत काढलेलं ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं चित्र आहे, हे मलाही कळतं. सोनाबाईंनी ते बराच वेळ पाहिलं. कुसळांवरून बोट फिरवलं. "बराबर काढलं," त्या म्हणाल्या. "पर हे पेरता येत नाई वो."

ते तीन दिवस मी तिथेच राहिले. सकाळी जावा (तांदळाची पातळ पेज), दुपारी आंब्याची चटणी आणि भात. रेखा पानं तोडून यायची तेव्हा ओच्यातून पिकली टेंभरं (तेंदूची फळं) आणायची आणि माझ्यापुढे ठेवायची. वहीत मी लिहिलं: पुडकी बांधणे. पहिल्या दिवशी चार झाली आणि हात जड झाले. असं झालं की मला आधी रडू येतं आणि मग रडण्याचाच राग येतो. सोनाबाई कामावरून नजर न उचलता म्हणाल्या, "थकली त पड तिकडे. उठशील तवा बांधजो. पानं काई पळून नाई जात."

मी पडले, उठले, आणखी दोन बांधली. मग दोघींना सांगितलं. दोन वर्षं काय झालं होतं, त्या माघात मी एवढी का बोलत होते, नंतर महिनोन् महिने अंथरुणातून का उठले नाही, सगळं. आजाराचं नावही सांगितलं. त्यांनी नावाकडे लक्ष दिलं नाही.

"बिमार होतीस त सांगाचं होतं," सोनाबाई म्हणाल्या. "आमी आलो असतो घ्याले. रेखाचा भाऊ पुन्यातच काम करून राह्यला."

"मी फोन काऊन करत होती मग?" रेखा म्हणाली. "तेच इचाराले. कोनाले पाठवू का म्हनून. दोन साल पितराईले इकतच्या धानाचं नवं दाखवलं आमी. सासूबाई त्या दिवशी जेवल्याच नाईत."

 इतके दिवस मी सगळं आजाराच्या अंगावर ढकलत आले होते आणि त्यात पुष्कळसं खरंही होतं. अंथरुणातून उठणं माझ्या हातात नव्हतं. पण उशाशी वाजणारा फोन उचलून 'मी आजारी आहे' एवढे तीन शब्द बोलणं? ते एखाद्या बऱ्या दिवशी जमलं असतं, आणि असे बरे दिवस मधूनमधून आले होते. मला लाज वाटत होती, म्हणून मी ते केलं नाही. त्या लाजेवर गोळी नाही.

तिसऱ्या सकाळी सोनाबाईंनी फडकं उघडलं. बहुतेक दाणे नुसतेच फुगले होते, त्यांना आंबूस वास येत होता. रेखा एकेक दाणा बोटाने बाजूला करत गेली. नऊ दाण्यांना पांढरे, केसासारखे मोड होते. आता डब्यातलं उरलेलं धानही भिजवून बघायचं होतं, पण त्यातूनही फार काही निघेल असं कोणाला वाटत नव्हतं.

"मी पुढच्या वर्षी नक्की..." मी सुरुवात केली.

सोनाबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "बोल देऊ नको. यावं वाटलं त येजो."

रेखाने ते नऊ दाणे फुटक्या मडक्यातल्या मातीत खोचले आणि मडकं कोंबड्यांपासून दूर, छपरावर ठेवलं. मी निघाले तेव्हा ती बसपर्यंत आली.  माझ्या बाटल्याही तिने भरून दिल्या होत्या.

पुण्याला परतल्यावर सोबत परत आणलेलं ते चित्र मी भिंतीवर लावलं, मग काढलं. मग परत लावलं. चांगलं आहे, लोक कौतुक करतात, आणि माझा त्या काळाचा मोह अजून सुटलेला नाही, हे कबूल केलेलं बरं. आता मी संथ काम करते. आठवड्याला एक चित्र होतं, त्यात तशी झळाळी नसते. पण कोणाचा फोन आला की उचलते. न उचलवला तर आजारी आहे एवढं लिहून पाठवते.

कार्तिकात रेखाचा फोन आला. मी उचलला.

"उरलेलं काईच उगवलं नाई," ती म्हणाली. "पर मडक्यातल्या पाचाले लोंब्या आल्या. काळ्या कुसाच्या. यंदाही नवं नाई होत, सारं बियान्यालेच ठेवलं. सासूबाई म्हनतात, आता कोनालेच नाई द्याचं." मग तिनेच पुढे जोडलं. "तुमाले त नाईच."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"पर तुमी पुडकी बांधाले या, ताई. तेंदू लागला की या."

येते, नक्की येते, असं ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि कळव म्हटलं. त्या दिवशीच्या पानावर काम होतं: भांडी घासणे. ती घासली आणि वही मिटली.