सेहेचाळीस वेळा उघडलेलं तोंड

माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे आमच्या ताईंना, घरात सगळे ओठमोजणी म्हणायचे. त्यांचं कामच तसं होतं. परदेशी मालिका आपल्या भाषेत आणताना पडद्यावरच्या माणसाचं तोंड किती वेळा उघडतं ते मोजायचं आणि तेवढ्यात बसेल असं वाक्य लिहायचं. स्टुडिओच्या मागे बिनखिडकीची खोली, छोटा टीव्ही, टेप मागेपुढे करायचं यंत्र, आणि ताईंची डाव्या हाताची बोटं मांडीवर सतत चाललेली. पुढे सवय इतकी लागली की शेजारीण भांडायला आली तरी ताई तिचे ओठ मोजत बसत. तिला वाटे, काय सोशिक बाई आहे.

त्यांची लाडकी मालिका म्हणजे एक जपानी दीपगृह. अबोल मुलगी, म्हातारा दिवेवाला आणि समुद्र. एकोणचाळीस भाग. माझी लेक त्यावरच वाढली. कार्टून नाही, ॲनिमे म्हणायचं, हेही तिनेच मला शिकवलं. जुन्यातलं काय बघावं असं कोणी विचारलं की ताई चार नावं सांगत आणि शेवटी म्हणत, आमचं दीपगृह नाही पाहिलं तर काय पाहिलं?

यंदा एका वाहिनीने ती मालिका जुन्याच आवाजांत पुन्हा दाखवायचं ठरवलं. पहिल्या भागाआधी ताईंनी दोन मिनिटं बोलायचं, ही मालिका का बघावी ते. खाली नावही येणार होतं. बाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांचं नाव पडद्यावर कधी आलं नव्हतं. सोमवारी बोलावणं होतं. आठवण ताजी व्हावी म्हणून रविवारी सकाळी लेकीने मूळ जपानी मालिका लावली, खाली आपल्या भाषेत ओळी येत होत्या.

पहिले तेरा भाग आम्ही पळवत पळवत पाहिले. चौदावा लागला तशा ताई सहज बोलून गेल्या, "इथून पुढे कागद यायचे बंद झाले होते."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. प्रत्येक टेपबरोबर कंपनी अर्थाचे कागद पाठवायची. चौदाव्यापासून नुसत्या टेपा आल्या, आणि दाखवायची तारीख तर डोक्यावर. स्टुडिओचे साहेब म्हणाले, तुम्हाला ओठ कळतात ना, मग लिहा. ताईंनी चेहरे बघून लिहिलं. सव्वीस भाग. मी हातातला कप खाली ठेवला. इतकी वर्षं एका घरात राहून हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

"त्यात काय गं," ताई म्हणाल्या. "म्हातारा बापच दिसत होता तिचा."

पडद्यावर तो म्हातारा जिन्यात बसून खाली मान घालून बोलायला लागला. आमच्या मालिकेत इथे तो मुलीला ताऱ्यांची नावं शिकवतो. लेकीला ती पाठ होती. इथे ओळ आली : वादळात मला डोळा लागला. दिवा विझला. तुझ्या आईवडिलांची बोट खडकावर फुटली ती माझ्यामुळे.

लेकीने थांबवलं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. ताई म्हणाल्या, "चालू ठेव."

शेवटच्या भागात मुलगी बोटीत चढताना मागे वळते. आमची म्हणाली होती, येते हं बाबा. ही म्हणाली, मी तुम्हाला माफ केलं.

ताईंची बोटं मांडीवर थांबली होती. त्या म्हणाल्या, "जिन्यात त्याचं तोंड सेहेचाळीस वेळा उघडलं होतं, अजून आठवतं मला. आणि मी त्याला गुन्हाच करू दिला नाही. मग त्या पोरीने माफ केलं ते कशाचं?"

मी म्हटलं, देवाला हेतू कळतो. त्या म्हणाल्या, देवाला कळतो गं, पण बघणाऱ्या पोरांना ती पोर कुठे कळली?

लेक हट्टाला पेटली, कोणाला सांगू नका म्हणून. म्हाताऱ्याला आवाज देणारे कधीच वारले, नव्याने करता येणार नाही. सांगितलंत तर सगळंच बारगळेल आणि नाव जाईल ते जाईलच. ताईंनी ऐकून घेतलं.

सोमवारी मी सोबत गेले. दिवे लागले, ताई खुर्चीत ताठ बसल्या.

"ही मालिका जरूर बघा," त्या म्हणाल्या. "पण चौदाव्या भागापासून शब्द माझ्या मनाचे आहेत. चुकीचे आहेत. ऐकू नका, त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघा."

वाहिनीच्या साहेबाचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मोजायला एकच.

बुधवारी फोन आला. जुने आवाज रद्द, मूळ जपानीच दाखवणार, खाली ओळी. ताईंचं बोलणंही नाही आणि नावही नाही. लेकीला रडू आलं. ताईंनी फोनवरच्या बाईंना एवढंच विचारलं, चौदावा भाग कुठल्या तारखेला आहे. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तेवढ्याच तारखेला पेन्सिलीने गोल केला.