आबांची राखीव जागा

रशियातल्या निवृत्त सैनिकांची काळजी वाहणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच होता आणि तो जळगावात, आमच्या घराच्या बरोबर समोर राहत होता. गल्ली त्यांना 'मेडलवाले आबा' म्हणायची. मूळ गाव नरडाण्याजवळचं, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, छातीवर एक शौर्यपदक आणि पायात वर्षानुवर्षं तेच करकरणारे बूट. त्या काळी रशियाहून एक गुळगुळीत कागदाचं हिंदी मासिक पोस्टाने यायचं. वर्गणी अगदीच किरकोळ, वर कॅलेंडर फुकट, त्यामुळे निम्म्या जळगावात ते येत असे आणि मुलांच्या वह्यांना कव्हरं घालण्याच्या कामी लागत असे. ते अथपासून इतिपर्यंत वाचणारे आबा एकटेच. त्यातल्या एका अंकात पदकांनी छाती गच्च भरलेल्या एका रशियन म्हाताऱ्याचा फोटो होता आणि त्याला सरकार काय काय देतं ते सविस्तर छापलं होतं. ट्राम फुकट, बस फुकट, घरभाडं निम्मं, वर्षातून एकदा हवापालटाला पाठवणार, घरी टेलिफोन आधी, आणि कुठल्याही दुकानात रांग नाही. आबांनी तो फोटो कापून, चौकटीत बसवून सप्तशृंगीच्या तसबिरीशेजारी टांगला. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या अक्कांना, लिहिता-वाचता येत नव्हतं. देवीशेजारी टांगलाय म्हणजे कुणीतरी साधुपुरुष असणार असं धरून त्या रोज त्यालाही गंध लावत.

पदक म्हणजे पदक, मग ते कुठल्याही देशाचं असो, हे आबांचं ठाम मत होतं आणि त्यावरून रशियन म्हाताऱ्याला मिळतं ते सगळं आपल्यालाही लागू आहे, फक्त इथल्या लोकांना अजून कळवलेलं नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. तो कळवण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. रॉकेलचा टँकर आला की आबा इस्त्रीच्या सदऱ्यावर पदक लावून सरळ रांगेच्या तोंडाशी जाऊन उभे राहत. दुकानदार बिचारा भला माणूस, तो वाद घालत नसे. पण आबांच्या हातात गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांचे, एका बाळंतिणीचे आणि पाय मोडलेल्या शिंप्याचे मिळून पाच डबे असत. "आबा, मेडल एक आणि डबे पाच?" असं त्याने एकदा विचारलं, तर आबा म्हणाले, "रशियामा डबा मोजतस नही." स्वतःच्या घरचा डबा मात्र त्या पाचांत कधीच नसे. तो घेऊन अक्का रांगेच्या शेपटाला उभ्या असत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मेडल बठ्ठी गल्लीनं शे, रांग तेवढी मनी." म्हणजे पदक साऱ्या गल्लीचं, त्यांच्या वाट्याला तेवढी रांग.

पण त्यांचा खरा जीव गुंतला होता तो एस.टी.च्या गाडीत. गाडीत आमदार-खासदारांची जागा राखीव असते, स्वातंत्र्यसैनिकांची असते, तसं खिडकीवर रंगवलेलंही असतं. पदकवाल्याचं नाव कुठेच नाही, हे आबांना फार लागलं होतं. त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा सपाट करून त्यात छिन्नीने 'पदकधारी सैनिक' अशी अक्षरं कोरून घेतली. पिशवीत तो पत्रा, पांढऱ्या रंगाची डबी आणि दाढीचा जुना ब्रश घेऊन ते स्टँडवर जात आणि धुळ्याची गाडी लागली, ड्रायव्हर-कंडक्टर चहाला गेले की आत शिरून तिसऱ्या बाकावरच्या खिडकीवर सरकारी काम उरकून येत. एका कंडक्टरने त्यांना रंगेहाथ पकडलं. "आबा, हे सरकारी मालमत्तेचं नुकसान आहे," तो म्हणाला. "नुकसान नाही, दुरुस्ती आहे," आबा म्हणाले आणि 'क'चा उरलेला शेपटा पुरा केला. परत आल्यावर ते पत्रा धुऊन अंगणातल्या दोरीवर अडकवत आणि अक्कांच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर पांढरे डाग पडत. अक्का मग तासभर बोलत. आबा ते तोफखाना ऐकल्यासारखं शांतपणे ऐकून घेत. गंमत अशी की एवढा उपद्व्याप करून राखलेल्या त्या जागेवर मी त्यांना बसलेलं कधीच पाहिलं नाही. कुणीतरी म्हातारं, कुणी लेकुरवाळी दिसलीच की आबा तिला हात धरून तिथे बसवायचे आणि स्वतः वरचा दांडा धरून एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत उभे.

या सगळ्यात माझा भाग असा, की मी एका कचेरीत टायपिस्ट होतो आणि आबांचे अर्ज मी टाइप करून द्यायचो. दर रविवारी ते सकाळी यायचे, खुर्चीत ताठ बसायचे आणि सांगायचे, "लिही भाऊ. महोदय, रशियामध्ये असे आहे की." त्यांचा प्रत्येक अर्ज असाच सुरू व्हायचा. हवापालटासाठी तोरणमाळला पाठवावे, हाही अर्ज मी केला आहे. मी गंभीर चेहऱ्याने टाइप करायचो, एक कार्बन प्रत जास्त काढायचो आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती कचेरीत वाचून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे. मला त्याचं फार कौतुक वाटायचं, म्हणजे माझं स्वतःचंच.

मग एका हिवाळ्यात तो देशच मोडला. मासिक बंद झालं. आबा दोन महिने पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून होते. मग पेपरात कुठेतरी आलं की तिथल्या म्हाताऱ्यांना पेन्शनमध्ये पाव मिळेनासा झालाय, पदकं बाजारात विकायला बसलेत. ती बातमी मीच त्यांना वाचून दाखवली, थोडी चेष्टेनेच. आबांनी पेपर माझ्या हातातून घेतला आणि त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, "देश मोडना म्हणून मेडल मोडस का? आते त्यासले कोन देई?" त्या रात्री ते जेवले नाहीत, असं अक्कांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोटोतल्या म्हाताऱ्याकडे बघत बसले असताना त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी ट्रंकेतून स्वतःचे कागद काढले. आपल्यामागे अक्कांना पेन्शन आणि पदकाचा भत्ता मिळेल ना, एवढंच बघायला. आणि तिथे घोळ निघाला. भरती झाले तेव्हा आबांचं लग्न ठरलेलं होतं, झालेलं नव्हतं. कारकुनाने होणाऱ्या बायकोचं नाव विचारलं, आबांनी माहेरचं सांगितलं, तुळसा. पुढे लग्नात आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळांत नवीन नाव लिहिलं गेलं, वत्सला. रेशनकार्डावर वत्सला, मतदार यादीत वत्सला, फौजेत तुळसा. आबा तिला जन्मभर "का वं" एवढीच हाक मारत आले (आणि ती त्यांना आमच्या बोलीत नुसतं 'त्या', म्हणजे 'ते', म्हणायची), त्यामुळे नाव बदलल्याची अडचण त्यांना कधी जाणवलीच नव्हती. अक्का म्हणाल्या, "म्हणजे सरकारना घर तुम्हना दोन बायका शेत!" आम्ही तिघेही तेव्हा हसलो.

दुरुस्ती तशी पाच मिनिटांची होती. वर्षातून एकदा लष्कराच्या कागदपत्रांचे साहेब धुळ्याला यायचे आणि जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांच्या माजी सैनिकांच्या चुका जागच्या जागी दुरुस्त करून द्यायचे. दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा गावचा दाखला लागत होता, तो आम्ही आणला. सही मात्र आबांनी साहेबांसमोर करायची होती. मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो. मंडपात ही गर्दी. दहा वाजता साहेबांनी उठून सांगितलं, "पदकधारी असतील त्यांनी आधी पुढे यावं, त्यांना रांग नाही." आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू जन्मभराचे अर्ज एकदम मंजूर झाले. ते उठले, बूट करकरवत थेट टेबलापाशी गेले, सलाम ठोकला आणि मागे वळून रांगेकडे पाहिलं. पहिला उभा होता तो कुबडीवर. "आधी याला घ्या," आबा म्हणाले. त्याच्यामागे एक विधवा बाई होती, खूप लांबून, सातपुड्याच्या पायथ्यावरून आलेली. मग एक मोतीबिंदूवाले. प्रत्येकाला पुढे करायचे आणि स्वतः टेबलाच्या कोपऱ्याला पहिल्या नंबरावर तसेच ताठ उभे. मला हसू आवरेना. मी फाइल त्यांच्या काखेत दिली, चहा घेतला, भजी खाल्ली, बायकोने सांगितलेली खरेदी करायला बाजारात गेलो. चार वाजता परत आलो तेव्हाही आबा पहिल्याच नंबरावर होते आणि एका शेतकरी जवानाला पुढे ढकलत होते. तेव्हा मी त्यांचा दंड धरून त्यांना टेबलापुढे उभं करायला हवं होतं. मला सगळं माहीत होतं, साहेब संध्याकाळी नाशिकला निघणार हेही माहीत होतं. पण मी तिथे खांबाला टेकून विचार करत होतो, की उद्या कचेरीत सांगायला काय झकास किस्सा मिळाला.

पाच वाजता साहेबांनी पेन बंद केलं. शिपाई गठ्ठे बांधू लागले. आबांनी फाइल पुढे केली तेव्हा साहेब चकितच झाले. "अहो, तुमचा तर पहिला नंबर होता!" आबा म्हणाले, "होता ना साहेब. म्हणून तर देता आला." साहेबांना वाईट वाटलं असावं, पण शिक्के पेटीत गेले होते आणि जीप सुरू होती. पुढच्या वर्षी सगळ्यात आधी तुमचं, असं सांगून ते गेले. परतीच्या गाडीत आबा नेहमीप्रमाणे उभे होते आणि खुशीत होते. मी सहज विचारलं, की हे पदक मिळालं तरी कशाबद्दल. इतक्या वर्षांत मी ते कधी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, "काही नाही रे भाऊ. ट्रक एकच होता. जखमी आधी चढवले, मला जागा उरली नाही, म्हणून मागे राहिलो. मागे राहिल्यावर लढावंच लागतं." मी बरं म्हटलं आणि पारोळ्यापर्यंत डोळा लागला.

पुढचा मेळावा दोन महिन्यांवर आला असताना आबा गेले. सकाळी दाढीचं पाणी गरम करायला सांगून खाटेवर बसले ते तसेच कलंडले. पेन्शन थांबली, भत्ता थांबला. तुळसाचा पत्ता लागेना आणि वत्सलाला फौजेत कुणी ओळखेना. शेवटी अक्कांचं काम झालं, नाही असं नाही, पण त्याला जवळजवळ तीन वर्षं लागली आणि ती तीन वर्षं अक्का डाळमिलमध्ये डाळ निवडायला जात होत्या. संध्याकाळी त्या परत येताना दिसल्या की मी दारातून आत जायचो. त्यांनी मला एका शब्दानेही कधी दोष दिला नाही. तो किस्सा मी कचेरीत सांगितला नाही. आज पहिल्यांदाच सांगतो आहे, आणि सांगतानाही मध्ये एकदोनदा मला हसू आलंच, याचं वाईट वाटतं.

त्या तीन वर्षांतली पहिली खेप मला आठवते. अक्का आणि मी धुळ्याला निघालो होतो. गाडीत चढलो तर तिसऱ्या बाकावर, खिडकीवर, ती पांढरी अक्षरं. अक्कांनी बोट दाखवून विचारलं, "काय लिखेल शे?" मी वाचून दाखवलं. "हाऊच का तो रंग?" त्या म्हणाल्या. "मना लुगडाले लागेल व्हता." मग त्या खिडकीशी बसल्या आणि शेजारच्या जागेवर त्यांनी आपली पिशवी ठेवली. मी बसायला लागलो तर त्यांनी पिशवी हलवली नाही. वाटेत दोघाचौघांनी विचारलं, त्यांनाही त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. पारोळ्याला कडेवर पोर घेतलेली एक बाई चढली, तिला धरायला दांडाही सापडेना. अक्कांनी लगेच पिशवी उचलून मांडीवर घेतली. "ये वं माय, बस आठे," त्या म्हणाल्या. "त्यासनी जागा शे. त्या काही बसत नहीत."

मी कागदांची फाइल या हातातून त्या हातात घेतली आणि धुळ्यापर्यंत उभा राहिलो.